पान उलटून बघणारे सर

कुवेतमधल्या आमच्या अब्बासियाच्या फ्लॅटमध्ये फळा टांगायला भिंत शिल्लक नव्हती. एका भिंतीला एसी, दुसरीला सात माणसांचे कपडे, तिसरीला टीव्ही आणि चौथीत बाहेरचं दार. सरांनी मग त्या दारालाच आतून काळा रंग दिला आणि त्यावर भूमिती शिकवायला सुरुवात केली. दर शुक्रवारी सकाळी सात ते अकरा. या वेळात बाहेरून कुणीही आलं तरी दार उघडत नसे. दार उघडलं की फळा फिरणार, आणि अर्धवट सिद्ध झालेला त्रिकोण भिंतीवर जाऊन आपटणार, हे सरांना मान्य नव्हतं.

सर्वांत जास्त हाल व्हायचे आमच्यातल्या सोलापूरच्या टेक्निशियनचे. हॉस्पिटलातली रात्रपाळी करून तो साडेसातला घरी यायचा.

“सर, नाइट करून आलोय. उघडा की दार.”

“थांबा. सिद्धता चाललीय.”

“किती वेळ अजून?”

“दोन बाजू समान झाल्यात. तिसरी राहिली. पायरीवर टेका जरा.”

तो बिचारा पायरीवर टेकायचा, आणि तिसरी बाजू समान होईपर्यंत त्याचा डोळा लागलेला असायचा.

आता सर कुवेतमध्ये नाहीत. मी आहे. महबूलाला, समुद्राकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये, बायको-मुलीसह. सरांबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो, कारण त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की चार ओळींनंतर माझ्याबद्दल लिहावं लागतं.

सर हे त्यांचं पद नव्हतं. पद होतं स्टोअरकीपर. शुवेखच्या एका गोदामात एसीचे सुटे भाग ठेवायचे आणि मागतील तसे काढून द्यायचे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू असायचा. खोक्यांवर नग किती ते खडूने लिहायचे, तेही समीकरण मांडल्यासारखं, शेवटी उत्तराखाली दोन रेघा ओढून. त्यांचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, मॅनेजर त्यांना “या उस्ताद”, म्हणजे ‘अहो मास्तर’, अशी हाक मारायचा. इथं उस्ताद कुणालाही म्हणतात, टॅक्सीवाल्यालाही. पण सरांना त्याचं फार अप्रूप होतं.

“अकरा वर्षं शिकवलं, तर सरकारी कागदावर मी शिक्षक नव्हतो,” ते सांगायचे. “इथं येऊन खोकी मोजायलो, तर पहिल्याच दिवशी मान्यता! तीपण तपासणी न करता.”

ती अकरा वर्षं त्यांनी मराठवाड्यातल्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत काढली होती. शाळेला अनुदान आलं की पगार सुरू होणार होता. अनुदान येणार होतं. दरवर्षी येणार होतं. तपासणीला माणसं यायची, मैदानाला टेप लावायची, संडासाची दारं मोजायची, शेरा मारून जायची. सर सकाळी प्रमेय शिकवायचे आणि दुपारी मेहुण्याच्या दुकानात खताची पोती उचलायचे. त्यांच्या हाताखालून शिकून गेलेला एक मुलगा पुढे त्याच दुकानात खत घ्यायला आला आणि म्हणाला, “सर, तुम्ही इथं?” त्यानंतर सरांनी पासपोर्ट काढला.

“माध्यमिक शिक्षण मोफत करणं लई सोपंय, साहेब,” ते मला म्हणायचे. ते वयाने मोठे असूनही मला साहेब म्हणत, कारण मी बँकेत होतो. “एक मास्तर धरायचा आणि त्याला पगार द्यायचा नाही. झालं मोफत. लोक मला विचारतात, या योजनेचा तुम्हाला लाभ झाला का. लाभ कसला? मीच योजना होतो.”

त्यांच्या पलंगाखाली एक सुटकेस होती. कपडे खिळ्याला आणि सुटकेसमध्ये शासन निर्णय. राज्यात कुठलीही मोफत शिक्षणाची घोषणा झाली की सर गोदामातल्या प्रिंटरवर तिचा कागद काढायचे आणि शुक्रवारी वर्ग सुटल्यावर, पोहे खाताना, आम्हाला वाचून दाखवायचे. पहिलं पान ते वाचतच नसत. मोफत हा शब्द पहिल्या पानावर असतो. सर सरळ पान उलटायचे आणि उजव्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजत अटी वाचायचे. उत्पन्नाची अट, रहिवासाची अट, हजेरीची अट, जातीच्या दाखल्याची, आधी भरा मग परत मिळेल अशी अट. चारही बोटांची पेरं संपून अंगठा परत पहिल्या पेरावर आला की म्हणायचे, “हं. आता ही योजना पक्की झाली. आता कुणाला मिळायची भीती नाही.”

“अहो, पण मुलींना तर फी माफ आहे,” मी एकदा म्हटलं.

“आहे की. परीक्षेचं वेगळं, प्रयोगशाळेचं वेगळं, इमारतीचं वेगळं, गॅदरिंगचं वेगळं. जेवण फुकट, ताटाचं भाडं.”

“आणि आठवीपर्यंतचा कायदा?”

“चांगला कायदा आहे. लेकराचं बोट धरून आठवीपर्यंत नेतो. नववीच्या दारात सोडतो, टाटा करतो आणि माघारी फिरतो.”

मग खिडकीबाहेर बघत, “इथल्या लोकांचं बरं आहे. सरकारी शाळा मोफत, पुस्तकं मोफत, सगळं मोफत. अट एकच. जन्माच्या आधी देश निवडायचा.”

मोफत या शब्दावरचा हा संशय शासनापुरता मर्यादित नव्हता. खाली बकाल्यात, म्हणजे आमच्या किराणा दुकानात, एकदा साबणाच्या पावडरीवर आणखी एक पुडा फुकट होता. सरांनी गल्ल्यावरच्या मलबारी भाईला विचारलं, “इसका कंडिशन क्या है?”

“कंडिशन नहीं मास्टर. फ्री मतलब फ्री.”

“कंडिशन नहीं है, या लिखा नहीं है?”

“मास्टर, पीछे लाइन है. साबुन लो, जाओ.”

सरांनी पुडा उलटला. मागे बारीक अक्षरात मुदत होती, ती पुढच्या आठवड्यात संपत होती. सरांनी तो पुडा रांगेतल्या माणसांना एकेक करून दाखवला. “सापडली,” ते म्हणाले. तेव्हापासून तो भाई त्यांना दुरून येताना बघून मोफतच्या पाट्या आत घ्यायचा, असं सोलापूरवाला सांगे. मला ते खरं वाटतं.

एवढा सावध माणूस जन्मात एकदाच फसला. त्याला फसवणारा मी.

बायको-मुलगी आल्यावर मी अब्बासिया सोडून महबूलाला गेलो होतो. सरांची भेट ईद-दिवाळीला. मग माझी मुलगी नववीत गेली आणि तिचं गणित घसरलं. तिच्या शाळेच्या फीमध्ये गणित धरलेलं असावं असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला. मी तिला दर शुक्रवारी सरांच्या दारासमोर आणून बसवू लागलो. तिथं अब्बासियातली आठ-नऊ मुलं असायची. सर कुणाकडून काही घेत नसत. मी एकदा पाकीट काढलं तर म्हणाले, “साहेब, मला मोफतच शिकवता येतं. पैसे घेतले की माझं गणित चुकतं.”

माझ्या मुलीशेजारी राजापूरकडची एक मुलगी बसायची. तिचे वडील एसीचे पत्र्याचे डक्ट बनवायचे. त्यांची कंपनी बंद पडली, अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपला, आणि नववीनंतर मुलीची शाळा सुटली. माझी मुलगी घरी येऊन सांगायची, “बाबा, शी इज सो फास्ट. सर विचारायच्या आधी तिचं झालेलं असतं.”

सरांनी तिच्यासाठी एक बेत आखला होता. सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेल्या मुलांना हा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. सर तो आपल्या जुन्या शाळेतून भरणार होते. “त्या शाळेनं मला काही दिलं नाही. एक लेकरू तर पास करून देईल,” असं म्हणाले होते. मुदतीला दोन महिने होते. वडिलांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र आणि दोन-तीन कागद, एवढंच राहिलं होतं.

आणि मग मला समाजसेवा सुचली.

आमचं एक मराठी मंडळ आहे. मी त्याच्या शिक्षण समितीचा कार्यवाह. त्या काळ्या दारासमोर मुलं मांडी घालून बसलेली बघून मला वाईट वाटायचं, हे खरं आहे. मी मंडळात प्रस्ताव ठेवला: मोफत दहावी मार्गदर्शन योजना. एसी हॉल, पांढरा फळा, प्रोजेक्टर. टाळ्या पडल्या. एक सभासद म्हणाले, “मोफत असलं तरी जरा शिस्त हवी. नाहीतर कुणीही येईल.” कुणीही येईल, यासाठीच तर योजना होती, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी बँकेत कागदपत्रं तपासण्याच्या विभागात वीस वर्षं काढली आहेत. अटी लिहायचं काम मी आनंदाने घेतलं आणि एका संध्याकाळी नऊ अटी लिहिल्या. आईवडिलांच्या वैध सिव्हिल आयडीची, म्हणजे इथल्या ओळखपत्राची, प्रत. पगाराचा दाखला. मंडळाचं सभासदत्व. अशा आठ. नववी अट मार्गदर्शकासाठी होती: पात्र ठरलेल्या विद्यार्थ्यांखेरीज कुणालाही, अन्यत्र कुठेही, शिकवू नये. ती लिहून झाल्यावर मी स्वतःसाठी चहा केला होता, इतका खूश होतो.

सरांना मी नियुक्तीपत्र दिलं. मंडळाच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह. मुख्य मार्गदर्शक. अटी मागच्या बाजूला छापल्या होत्या.

सरांनी तो कागद दोन्ही हातांत धरला. शिक्क्यावरून बोट फिरवलं.

“जावक क्रमांक आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे ना सर. जावक क्रमांक एक.”

“एक,” ते म्हणाले. त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “अकरा वर्षं या कागदाची वाट बघितली बगा. असाच असतो. असाच.”

मी पेन पुढे केलं. त्यांनी सही केली. पान उलटलं नाही.

मी ते बघत होतो. ‘सर, मागे अटी आहेत’ एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी त्या वाचल्या असत्या तर पेरं मोजत मोजत माझी अख्खी योजना पोह्यांबरोबर खाल्ली असती, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, “सर, सगळी मुलं आता हॉलवर येतील. दार आता दार राहू द्या.” सर हसले. त्या संध्याकाळी त्यांनी ते पत्र फ्रेम करून घेतलं आणि एसीखाली टांगलं. मागचं पान पुठ्ठ्याला चिकटलं.

नोंदणी मी वर्गाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी ठेवली. पहिला अर्ज माझ्या मुलीचा. सगळी कागदपत्रं अचूक. महबूला, सालमियाहून गाड्या आल्या. ज्यांच्या मुलांना दोन-दोन शिकवण्या होत्या त्यांनीही फॉर्म भरले, कारण मोफत होतं. दारासमोरची मुलंही कशीबशी कागद जमवून आली. शेवटी ती राजापूरची मुलगी आली. प्लास्टिकच्या फोल्डरमधून तिने कागद काढले, टेबलावर सरळ रेषेत मांडले.

“सिव्हिल आयडी?” मी विचारलं.

“एक्स्पायर्ड आहे अंकल. बाबांचा अकामा...”

“हो, हो.” मला माहीत होतं. सगळ्या अब्बासियाला माहीत होतं. “मग असं कर, रिन्यू झाला की ये. तुझी जागा राखून ठेवतो.”

“तोपर्यंत सरांकडे घरी येऊ?”

“तिथला क्लास बंद झाला बेटा. नियमच आहे तसा. सरांनी सही केलीय.”

तिने कागद परत फोल्डरमध्ये घातले. “इट्स ओके, अंकल,” म्हणाली. मला धीर दिल्यासारखं म्हणाली. ती गेल्यावर मी तिच्या अर्जावर ‘अपूर्ण’ असा शिक्का मारला. तो शिक्का मी मुद्दाम बनवून घेतला होता. योजनेत तो एकदाच वापरला गेला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सरांनी हजेरी घेतली. “ती राजापूरची पोरगी?”

“कागद पूर्ण करतेय सर. येईल.”

पुढच्या शुक्रवारी पुन्हा. “साहेब, सतरा नंबरची मुदत जवळ यायलीय. तिच्या बापाची सही लागती. फोन लावला तर बंद.”

“नंबर बदलला असेल. येईल हो, कळवलंय मी.”

कळवलं नव्हतं. काय कळवणार? खरं सांगितलं असतं तर सर उठून त्या काळ्या दाराकडे परत गेले असते, आणि त्याच आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर माझा फोटो पडला होता. सरांच्या शेजारी, हातात खडू धरून. दीडशे लोकांनी अंगठे दिले होते. मी पाच शुक्रवार ‘येईल’ म्हणालो. सर अटींवर विश्वास ठेवत नसत. माणसांवर ठेवत.

पाचव्या शुक्रवारनंतर दोन दिवसांनी ती मुलगी सरांना बकाल्यात भेटली. ती खुबूस, म्हणजे इथली रोटी, घ्यायला आली होती, सर साखर. हे मला त्या मलबारी भाईने सांगितलं. मुलीने विचारलं, सर, तुमचा क्लास परत कधी चालू होणार? सर म्हणाले, क्लास तर चालू आहे, तूच येत नाहीस. मग ती जे बोलली ते भरभर मराठीत होतं, भाईला कळलं नाही. “लेकिन मास्टर उदर ही बैठ गया,” तो मला म्हणाला, “चावल के बोरी पे. शक्कर लिया ही नहीं.”

सर माझ्याकडे महबूलाला बसने आले. हातात पिशवी, पिशवीत फ्रेम. मागचा पुठ्ठा उचकटलेला. माझ्या हॉलमध्ये, माझ्या सोफ्याच्या कडेवर बसून त्यांनी नऊ अटी वाचल्या. पेरं मोजत. माझी मुलगी आतल्या दारात उभी होती.

“नऊ,” ते म्हणाले. “छान लिहिल्यात. शासनालासुद्धा एवढ्या कमी जागेत जमत नाही.”

“सर, माझं चुकलं.”

“तुमचं कसं चुकंल? तुम्ही धोरण राबवलं. चूक माझी. जन्मात एकदा पान उलटायचं राहिलं.”

“अजून फॉर्म भरता येईल ना? मी उद्या सुट्टी घेतो, तिच्या वडिलांना गाठतो...”

“मुदत परवा संपली.”

बायकोने चहा आणला. त्यांनी कपाला हात लावला नाही. पिशवीतून एक कागद काढून दिला. राजीनामा, दोन ओळींचा. “आवक करून घ्या,” म्हणाले. मी म्हटलं, “सर, असू द्या ना.” ते म्हणाले, “नाही. आवक क्रमांक टाका. जावक आहे तर आवक पाहिजे.” मी टाकला. एक.

ते गेल्यावर मुलीने विचारलं, “बाबा, यू न्यू? तुम्हाला माहीत होतं?” मी म्हटलं, नियम होता बेटा. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

योजना पुढे चालली. दुसरे मार्गदर्शक मिळाले. वार्षिक अहवालात मी लिहिलं: एक अर्ज अपूर्ण कागदपत्रांमुळे नामंजूर, बाकी सर्व लाभार्थी उत्तीर्ण, योजना यशस्वी. ते वाक्य खरं आहे. माझी मुलगीही उत्तीर्ण झाली, गणितात घसघशीत गुण. मंडळाचं प्रमाणपत्र तिने भिंतीवर लावू दिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते कुटुंब कोकणात परत गेलं. सरही त्याच सुमारास गेले. तिने नंतर तो फॉर्म भरला का, दहावीला बसली का, मला माहीत नाही. सरांचा नंबर माझ्याकडे आहे. विचारलं तर ते सांगतील. मी विचारत नाही. उत्तर ‘नाही’ आलं तर काय करायचं, हे माझ्या कुठल्याच अटीत बसत नाही.

पण एक शुक्रवार सांगायचा राहिला. राजीनाम्यानंतरचा पहिलाच. मी सकाळीच अब्बासियाला गेलो होतो. काय बोलायचं ते गाडीत तीनदा म्हणून पाहिलं होतं. वर गेलो तर दार बंद आणि पायरीवर सोलापूरवाला, मांडीवर डबा घेऊन.

“या साहेब, टेका,” तो म्हणाला. “आज समद्विभुज आहे. वेळ लागंल.”

मी टेकलो. दाराच्या आतून त्या राजापूरच्या मुलीचा आवाज येत होता. फॉर्म हुकला होता, या वर्षीची परीक्षा हुकली होती, आणि ती सांगत होती, “म्हणून हे दोन कोन समान.”

“कारण?” सरांचा आवाज.

खडू थांबला.

“कारण लिहिल्याबिगर पुढं जायचं नाही.”

“कॉरस्पाँडिंग अँगल्स, सर. काँग्रुअंट ट्रँगल्सचे.”

“लिही.”

खडू दारावर वाजत राहिला. लाकडाच्या या बाजूला तो माझ्या पाठीशी वाजत होता. मग मी उठून कडी वाजवली.

“कोण?”

मी नाव सांगितलं. आत खडूच्या दोन रेघा ओढल्या गेल्या. मग सर म्हणाले, “सिद्धता झाली. उघड दार.”

दार तिनेच उघडलं. बोटांना खडू लागलेला. मला बघून ती दारातच थबकली, कडीवरचा हात तसाच. तिच्या मागून, पोह्यांची बशी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि सर म्हणाले,

“आत घे गं त्यांना. कागद मागू नकोस.”